तूप, तेल आणि अल्झायमर: ताटातल्या स्निग्धाचं मेंदूशी नातं

घरात अल्झायमरचा रुग्ण असलेल्यांचा आमचा एक छोटा गट आहे. कोथरूडमध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतो. औषधं, रात्रीची जागरणं, मदतीला बाई मिळते की नाही, हे सगळं बोलून झालं की पन्नाशीतलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "आईला झालं, आता मला होऊ नये म्हणून काय खाऊ? तूप बंद करू का?"

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं मोबाइलवर रोज फिरत असतात. तूप म्हणजे मेंदूचं खाद्य, खोबरेल तेल रोज दोन चमचे प्या, हे एक. चरबी म्हणजे विष, सगळं उकडून खा, हे दुसरं. आजवरचं संशोधन या दोन्हींच्या बाजूनं उभं राहत नाही. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात मी या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की तुपाची चर्चा आपण जरा जास्तच करतो. त्याआधी वनस्पती तुपात बनलेल्या पदार्थांची चर्चा व्हायला हवी. आणि ती आईच्या सत्तरीत करून भागणार नाही, आपल्या चाळिशीत व्हायला हवी.

असं का, हे कळण्यासाठी आधी मेंदूत डोकवावं लागेल.

मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीरात जेवढं कोलेस्टेरॉल आहे, त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो. मेंदूतलं पाणी वगळलं, तर उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा स्निग्ध द्रव्यांचा भरतो. चेतापेशींची आवरणं, त्यांच्या लांब तंतूंवरचं वेष्टण, एका पेशीचा निरोप दुसरीला पोहोचतो त्या जागा, हे सगळं स्निग्ध द्रव्यांनीच घडलेलं आहे.

या आजारात चरबीचं काहीतरी बिनसतं, ही शंकाही नवी नाही. १९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या आपल्या रुग्ण बाईच्या मेंदूची माहिती जर्मनीतल्या एका सभेत मांडली. पेशींच्या बाहेर साचलेले गठ्ठे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता या दोन खुणा तेव्हापासून प्रसिद्ध आहेत. तिसरी खूणही त्यांनी नोंदवली होती: चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये साठलेले चरबीचे कण. पहिल्या दोन खुणांवर पुढे रगड संशोधन झालं. तिसरीकडे मात्र बराच काळ कुणी फारसं पाहिलं नाही.

त्या तिसऱ्या खुणेकडे पुन्हा लक्ष गेलं ते एका जनुकामुळे. मेंदू आपल्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, त्यामुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल थेट आत जात नाही. मार्केट यार्डात माल उतरवणारा मोठा ट्रक नारायण पेठेच्या गल्लीत शिरत नाही, तिथली ने-आण छोट्या टेम्पोवरच चालते, तसंच हे. मेंदूतला तो टेम्पो म्हणजे एपीओई नावाचं प्रथिन. आधार देणाऱ्या पेशींत तयार झालेलं कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध द्रव्यं ते चेतापेशींपर्यंत पोहोचवतं.

हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत: ई-२, ई-३ आणि ई-४. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे प्रत्येकाला दोन मिळतात. ई-४ चा अल्झायमरशी असलेला संबंध अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिला. एक ई-४ असेल तर धोका सुमारे दोन ते तीन पट, दोन्ही ई-४ असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे साधारणपणे दिले जातात. ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. ई-४ असूनही म्हातारपणी तल्लख राहिलेली माणसं आहेत आणि ई-४ नसताना आजार झालेलीही आहेत. त्यामुळे नुसत्या या एका चाचणीवरून कुणी स्वतःचं भविष्य ठरवू नये. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये सर्वांत जास्त वजन असलेलं जनुक स्निग्ध द्रव्यांची वाहतूक सांभाळणारं निघावं, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता कुणीही विचारेल, की रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जातच नसेल तर जेवणातल्या तेला-तुपाचा प्रश्न येतो कुठे?

तो बऱ्याच अंशी रक्तवाहिन्यांमधून येतो. संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरेल आणि पाम तेल यांत भरपूर असते ती, रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, वाढवते. ट्रान्स फॅट, म्हणजे पातळ तेलाचं घट्ट वनस्पती तूप करताना तयार होणारी चरबी, एलडीएल तर वाढवतंच, शिवाय चांगलं मानलं जाणारं एचडीएल कमी करतं. मेंदूला होणारा रक्तपुरवठा केसाहून बारीक वाहिन्यांतून होतो आणि हृदयाच्या वाहिन्यांना जे बाधतं ते यांनाही बाधतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) टाळता येण्याजोग्या कारणांची यादी चौदावर नेली. त्यात मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्यानं घातलं. या चौदाही गोष्टी सांभाळल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

दुसरी वाट थेट मेंदूत जाते. कोलेस्टेरॉल स्वतः आत गेलं नाही तरी त्याच्यापासून शरीरात बनणारे काही पदार्थ तो पहारा ओलांडतात. डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल तर मेंदूला बाहेरूनच मिळवावं लागतं. चेतापेशींच्या आवरणात ते मोठ्या प्रमाणात असतं. प्रयोगशाळेत असंही दिसतं की पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी-जास्त झालं की अमायलॉइड, म्हणजे गठ्ठे बनवणारं प्रथिन, तयार होण्याचं प्रमाणही बदलतं. पण प्रयोगशाळेतल्या पेशीपासून आपल्या ताटापर्यंतचं अंतर फार लांबचं आहे. म्हणून माणसांवरचे अभ्यास पाहायला हवेत.

आणि तिथे चित्र एवढं सरळ नाही. शिकागोमध्ये डॉ. मार्था क्लेअर मॉरिस यांच्या गटानं ६५ वर्षांवरच्या ८१५ जणांचा आहार नोंदवला. त्यातल्या १३१ जणांना पुढे अल्झायमर झाला. सर्वाधिक संपृक्त चरबी खाणाऱ्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांना सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत धोका सुमारे २.२ पट आढळला. ट्रान्स फॅटच्या बाबतीतही तशीच वाढ दिसली. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. पण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाची गोष्ट ऐका. १९९७ साली त्यांनीही चरबी आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध सांगितला होता. त्याच शहरातल्या ५३९५ जणांचा सहा वर्षं पाठपुरावा केल्यावर, २००२ मध्ये, तो संबंध दिसेनासा झाला.

दोन्हीकडे जाणकार माणसं होती, काम प्रामाणिक होतं. मग असं का व्हावं? मला सर्वांत पटणारं कारण या आजाराच्या वेळापत्रकात आहे. पहिली विसराळूपणाची लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड साचायला लागलेलं असतं. सत्तरीतल्या माणसाला तुम्ही काय खाता म्हणून विचारलं, तर आजार कदाचित आधीच सुरू झालेला असतो आणि आजारानं खाण्याच्या सवयीही बदललेल्या असतात. कुणाला गोडच लागतं, कुणी जेवायचंच विसरतं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हे सांगायला नको. अशा वेळी आहारामुळे आजार झाला की आजारामुळे आहार बदलला, हे ओळखणं कठीण होऊन बसतं.

म्हणूनच फिनलंडमधल्या एका अभ्यासाला मी जास्त वजन देते. तिथे १४४९ जणांचा आहार त्यांच्या मध्यमवयात विचारला होता आणि सरासरी २१ वर्षांनी त्यांची स्मृती तपासली. मध्यमवयातल्या संपृक्त चरबीबरोबर धोका वाढलेला दिसला, असंपृक्त, म्हणजे बहुतेक पातळ तेलांत मुख्यतः असते त्या, चरबीबरोबर कमी झालेला. ई-४ असलेल्यांमध्ये हे जास्त ठळक होतं. अर्थात हाही निरीक्षणावर आधारलेलाच अभ्यास आहे, त्यानं कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण प्रश्न योग्य वयात विचारला गेला होता.

जपानमधल्या हिसायामा गावचा अभ्यास त्याहून जास्त बोलका आहे. तिथे लोकांच्या आठवणीवर विसंबण्याऐवजी थेट रक्त तपासलं. साठीपुढच्या १६२८ जणांच्या रक्तात इलेडिक आम्ल किती आहे ते मोजलं. कारखान्यात बनणाऱ्या ट्रान्स फॅटची ही रक्तातली खूण. पुढच्या दहा वर्षांत ३७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांच्या रक्तात ही खूण जास्त होती त्यांना धोका निम्म्यानं ते पाऊणपटीनं अधिक होता. हे ट्रान्स फॅट येत होतं कुठून? सर्वांत मोठा वाटा गोड पेस्ट्रीचा, पाठोपाठ मार्गारिनचा, म्हणजे तेलापासून बनवलेल्या नकली लोण्याचा.

पुण्यात या जागी काय येईल, हे वेगळं सांगायला नको. सकाळच्या चहाबरोबर खारी, चार वाजता पॅटिस, पाहुणे आले की क्रीम रोल, मुलांच्या डब्यात नानकटाई. आपल्या शहराला बेकरीचं अतोनात प्रेम आहे, मलाही आहे. पण खारीचे पदर सुटे-सुटे होतात ते त्यात घातलेल्या घट्ट चरबीमुळे, आणि ती बहुतेक वेळा लोणी नसते. पाकिटबंद खारी असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. 'एडिबल व्हेजिटेबल फॅट', 'हायड्रोजनेटेड' किंवा 'बेकरी शॉर्टनिंग' असं लिहिलेलं असेल, तर पातळ तेल घट्ट करून वापरलेलं आहे. सुट्टी खारी घेता तेव्हा वाचायलाच काही नसतं, दुकानदाराला विचारावं लागतं.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आधीच्या ५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. बेकरीसारख्या तयार पदार्थांतल्या चरबीलाही २०२२ पासून तीच मर्यादा लागू आहे. आपल्या आई-वडिलांनी डालड्याच्या काळात जेवढं ट्रान्स फॅट खाल्लं तेवढं आता पोटात जाऊ नये. पण पाकिटावर 'ट्रान्स फॅट नाही' असं लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका. घट्टपणा आणायला आता अनेकदा पाम तेलाचे घट्ट अंश वापरतात आणि ते संपृक्त असतात. त्याच कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवून वडे-भजी तळणं हाही वेगळा धोका. त्यात थोडं ट्रान्स फॅट तयार होतंच, शिवाय तेल तुटून इतर घातक पदार्थ बनतात. घरी तळणीचं उरलेलं तेल फोडणीला एकदा वापरून संपवलं तर ठीक, त्यात नवं तेल घालत राहू नये.

आता तुपाकडे येऊ. तुपातली साठ टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते. वरण-भातावर एक छोटा चमचा आणि पोळीला एक, म्हणजे साधारण १० ग्रॅम तूप आणि ६ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी. दिवसाच्या २००० कॅलरींमधून संपृक्त चरबीचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते होतात सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे हे दोन चमचे मर्यादेच्या बरेच आत बसतात. पण त्याच माणसानं दिवसभरात चहा-दह्यातून पाव लिटर फुल क्रीम दूध घेतलं, तर ६ टक्के स्निग्धांशाच्या हिशेबानं त्यातून आणखी नऊएक ग्रॅम येतात. वर बाकरवडी, चिवडा, खारी आलं की हिशेब सहज पुढे जातो. दोष द्यायचाच तर एकट्या तुपाला देण्यात अर्थ नाही. दुधातल्या चरबीबद्दल तर स्मृतिभ्रंशाचे अभ्यास एकमुखी नाहीतच.

तेलाचा हिशेब बहुतेक घरांत कुणी करत नाही, तो एकदा जरूर करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना ताटात २००० कॅलरींसाठी वरून घालायचं तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३८ ग्रॅम तेल गेलं, तेही तूप आणि बाहेरचं खाणं न धरता.

कोणतं तेल, हा पुढचा प्रश्न. हार्वर्डच्या संशोधकांनी ९२,३८३ लोकांचा २८ वर्षं पाठपुरावा करून २०२४ मध्ये सांगितलं की रोज ७ ग्रॅमहून जास्त ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंशानं मृत्यू येण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी होता. ही बातमी आली आणि गटातल्या एकीनं लगेच महागडी बाटली आणली. पण त्याच अभ्यासात पुढे एक गोष्ट होती, ती बातम्यांत फारशी आली नाही. मार्गारिन किंवा मेयोनेजच्या जागी ऑलिव्ह तेल घेतलं तर फायदा दिसत होता. इतर वनस्पतिजन्य तेलांच्या जागी घेतलं तर ठळक फरक दिसत नव्हता. त्यामुळे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल टाकून ऑलिव्हच्या मागे धावायचं कारण मला तरी दिसत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात उणीव आहे ती ओमेगा-३ ची. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई या आपल्या तिन्ही नेहमीच्या तेलांत ते नावालाच असतं. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडं असतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली यांना मान द्यावा. गणेश पेठेतल्या बाजारात पापलेटच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळणारे हे मासे डीएचएच्या बाबतीत वरचढ आहेत. शाकाहारी घरात जवस हवीच. तिच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग एएलए या वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. शरीर त्यातून डीएचए अगदी थोडंच बनवतं, हेही सांगायला हवं. अख्खी जवस बरीचशी न पचताच बाहेर पडते, म्हणून ती भाजून लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून कुटायची. एक मोठा चमचा चटणी पोटात गेली की सुमारे दीड ग्रॅम एएलए मिळतं. कुटलेली जवस लवकर खवट होते. आठवड्यापुरतीच कुटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

मग डीएचएच्या गोळ्या घ्याव्यात का? आजार सुरू झालेल्या ४०२ रुग्णांना अमेरिकेत दीड वर्ष रोज २ ग्रॅम डीएचए किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिली. २०१० मध्ये निकाल आला: डीएचएनं आजाराचा वेग कमी झाला नाही. खोबरेल तेलाच्या जातीच्या, शरीरात कीटोन (मेंदूला साखरेऐवजी चालणारं इंधन) बनवणाऱ्या तेलांवरही मोठ्या आशा होत्या, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याही फळल्या नाहीत. या बाटल्यांवर मुलं कर्ज काढल्यासारखा खर्च करताना मी पाहिली आहेत. तो पैसा मदतनीस बाईंच्या पगाराला लावा.

ओमेगा-३ चा एक धागा मात्र पुणेकरांनी धरून ठेवावा असा आहे. ऑक्सफर्डमध्ये, स्मृती किंचित ढासळलेल्या १६८ वृद्धांवर दोन वर्षं बी-१२, फॉलिक आम्ल आणि बी-६ यांची चाचणी झाली. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ भरपूर होतं त्यांच्यात या जीवनसत्त्वांमुळे मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्यात ओमेगा-३ कमी होतं त्यांना काहीच फायदा झाला नाही. आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता किती सर्रास आहे, हे इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं वारंवार दाखवलं आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमी असणारे आपणच. बी-१२ ची तपासणी साध्या रक्ताच्या चाचणीतून होते. पन्नाशीच्या आत एकदा करून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं भरून काढा.

डॉ. याज्ञिकांचं आणखी एक काम इथे आठवतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा अंक, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या पुणेकराच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, त्यामुळे मधुमेह लवकर गाठतो. मधुमेह 'लॅन्सेट'च्या त्या चौदा कारणांपैकी एक आहे. 'मी तर सडपातळ, मला काय होतंय' असं म्हणत मैद्याची खारी आणि साखरेचा चहा घेणाऱ्यांनी हा फोटो पाहायला हवा. तूप सोडून त्या जागी बिस्किटं खाल्ली, तर मेंदूच्या दृष्टीनं काहीच कमावलं नाही.

आहाराचं एकट्याचं बळ किती, याचा अंदाजही असावा. पालेभाज्या, सुकामेवा, बेरी, मासे यांवर भर देणारा आणि लोणी-चीज कमी करणारा 'माइंड' आहार अमेरिकेत ६०४ जणांच्या चाचणीत एका गटाला तीन वर्षं देऊन पाहिला. २०२३ च्या निकालात तुलनेच्या गटाहून ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गटांनी खाणं थोडं कमी केलं होतं आणि दोन्ही गट थोडे सुधारले. उलट फिनलंडमध्ये १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबाची देखरेख असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा स्मृती-विचारशक्तीच्या चाचण्यांत त्यांची एकूण कामगिरी इतरांपेक्षा चांगली झाली. कोथरूडच्या टेकडीवर रोज सकाळी चालणारा माणूस दोन चमचे तूप खात असेल, तर त्याच्या ताटापेक्षा मी त्याच्या रक्तदाबाची जास्त चौकशी करीन.

हे सगळं आजार झालेला नाही त्यांच्यासाठी. ज्यांना आजार झालेला आहे त्यांचं पथ्य वेगळं, आणि इथे होणारी चूक मला फार टोचते. मुलं काळजीपोटी आईचं तूप-दूध बंद करतात, कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी देतात. अल्झायमरच्या रुग्णाचं वजन मुळातच घटत जातं. भूक कळत नाही, चावायचा कंटाळा येतो, घास तोंडात धरून बसतात. अशा माणसाला थोड्या घासांत जास्त ताकद लागते आणि तूप, शेंगदाण्याचं कूट, साईचं दही यांतून ती मिळते. मऊ खिचडीत तूप सढळ हातानं घाला. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवा, आणि दोन महिने सलग घटलेलं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.